विमानातील तहान आणि पायांवरची सूज
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



मराठी मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत, इतिहास असे भारदस्त विषय शोभून दिसतात. त्यांच्या पंक्तीला ‘लांबच्या विमानप्रवासात खेळाडूंनी पाणी किती व कसे प्यावे’ हा विषय बसविणे म्हणजे पुरणपोळीच्या ताटात औषधाची बाटली ठेवण्यासारखे आहे. तरीही कार्यकारिणीने हा विषय सुचविला आणि मी तो आनंदाने स्वीकारला, याला कारण आहे. आपण घरापासून दूर राहणारी माणसे. प्रवास हा आपल्या संसाराचाच एक भाग. आपल्या आधीच्या पिढीने वळकटी, फिरकीचा तांब्या आणि दशम्यांचा डबा घेऊन दोन-दोन दिवस आगगाडीत काढले. त्या प्रवासाचे शास्त्र घराघरांतून तयार झालेले होते. पाणी कोणत्या स्थानकावर भरावयाचे, काय खावयाचे, काय टाळावयाचे, हे आजीला तोंडपाठ असे. आता आपल्याच घरांतील मुलेमुली बॅडमिंटन, पोहणे, कुस्ती, धावणे अशा खेळांसाठी सातासमुद्रांपलीकडे जाऊ लागली आहेत. परंतु या नव्या प्रवासाचे घरगुती शास्त्र मात्र अद्याप तयार झालेले नाही. जे आहे त्यातले अर्धे ऐकीव आहे, आणि त्यातील एक-दोन समजुती तर घातक आहेत. त्या दूर व्हाव्यात, एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू.

प्रथम प्रवास कसा बदलला ते पाहू. १९२० साली बेळगावचे फडेप्पा चौगुले अँटवर्प येथील ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले, ते जहाजाने युरोपात गेले होते. समुद्रावरचे ते आठवडे कंटाळवाणे असतील, पण जहाजाच्या तक्तपोशीवर चालता येत होते, आडवे होता येत होते, आणि नव्या हवेची सवय शरीराला हळूहळू होत होती. पुढे १९६० साली एअर इंडियाचे बोइंग ७०७ न्यूयॉर्कला जाऊ लागले, तेव्हा वाटेत थांबे असत. उतारू खाली उतरत, पाय मोकळे करीत. आज दिल्लीहून किंवा मुंबईहून निघालेले विमान कोठेही न टेकता पंधरा तासांहून अधिक काळ उडत राहते आणि थेट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उतरते. प्रवासाचे दिवस कमी झाले. पण एका जागी, गुडघे दुमडून, सलग बसण्याचे तास वाढले. माणसाचे शरीर मात्र चौगुल्यांच्या वेळी होते तेच आहे.

विमान ज्या उंचीवरून उडते, त्या सुमारे पस्तीस हजार फुटांवर बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम पावपट असतो आणि तापमान शून्याखाली पन्नास अंशांच्या आसपास. अशा हवेत माणूस जगू शकत नाही. म्हणून यंत्राने दाबून व तापवून ती आत घेतात. परंतु आतला दाब जमिनीवरच्याइतका ठेवीत नाहीत. तो सुमारे १८०० ते २४०० मीटर उंचीच्या ठिकाणी असावा इतकाच असतो. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटरचे. तेव्हा विमानात शांतपणे खुर्चीत बसलेला उतारू, हवेच्या दृष्टीने पाहिले तर, कळसूबाईच्या माथ्याहूनही वर बसलेला असतो. दुसरी गोष्ट अशी की, त्या उंचीवरील थंडगार हवेत बाष्प जवळजवळ नसतेच. ती तापविली की अधिकच कोरडी होते. त्यामुळे लांबच्या प्रवासात विमानातील आर्द्रता बहुधा दहा ते वीस टक्क्यांच्या दरम्यान राहते, आणि जी काही ओल असते ती पुष्कळशी उतारूंच्याच श्वासातून आलेली असते. दमट हवेत वाढलेल्या मुंबईकराला किंवा कोकणी माणसाला ही हवा बोचल्यावाचून राहत नाही. डोळे चुरचुरतात, ओठ सुकतात, घशाला कोरड पडते.

येथे पहिली समजूत तपासू. विमानात शरीरातील पाणी भराभर उडून जाते आणि माणूस वाळून निघतो, असे पुष्कळदा सांगितले जाते. ही अतिशयोक्ती आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या त्वचेतून व श्वासातून एरवीही दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास पाणी नकळत जात असते. विमानातील कोरड्या हवेमुळे त्यात जी वाढ होते ती रात्रभराच्या प्रवासात एखाद्या पेल्याच्या घरातली असते. नाक, डोळे, घसा यांना कोरडेपणा तीव्रतेने जाणवतो, म्हणून आपल्याला सारे शरीरच आटले असे वाटते.

मग खेळाडू उतरताना तहानलेला का असतो? याचे उत्तर हवेत कमी आणि आपल्या वागणुकीत अधिक आहे. तो पाणी पीत नाही, हे खरे कारण. घरून निघताना गडबड. सुरक्षा तपासणीपाशी बाटली रिकामी करावी लागते, कारण बहुतेक विमानतळांवर १०० मिलिलिटरहून मोठ्या भांड्यातील द्रव आत नेऊ देत नाहीत. पुढे ती बाटली पुन्हा भरण्याची आठवण राहत नाही. विमानात मधल्या आसनावर बसलेल्या मुलीला शेजारच्या दोन अनोळखी माणसांना उठवून प्रसाधनगृहाकडे जाण्याचा संकोच वाटतो, म्हणून ती ठरवून पाणी टाळते. त्यातच झोप, चित्रपट, चहा. घर सोडल्यापासून परदेशातील मुक्कामी पोहोचेपर्यंत वीस-बावीस तास सहज जातात, आणि या अवधीत तिने मोजून तीन-चार लहान पेले पाणी घेतलेले असते. आधीच्या संध्याकाळी सराव करून घाम गाळलेला असेल तर दुष्काळात तेरावा महिना.

सामान्य उतारूला हे परवडते. एका दिवसात तूट भरून निघते. खेळाडूला परवडत नाही. शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांइतके पाणी कमी झाले की दीर्घ दमाच्या खेळातील कामगिरी घसरू लागते, विशेषतः उष्ण हवेत. सत्तर किलो वजनाच्या धावपटूच्या बाबतीत ही तूट दीड लिटरहूनही कमी भरते. वर्षभराची मेहनत, आईवडिलांनी साठविलेले पैसे, शाळेची बुडालेली परीक्षा हे सारे एका पारड्यात, आणि दुसऱ्या पारड्यात चार-सहा पेले पाणी. असा हा हिशेब आहे.

आता पायांच्या सुजेकडे वळू. खेळाडू उतरतो, बूट चढवू लागतो, आणि बूट चढत नाही. मोज्याची कड घोट्यावर उमटलेली असते. लगेच अनुमान निघते की, प्रवासात पाणी जास्त झाले, ते पायात उतरले. घरी दूरध्वनी केला की सल्ला मिळतो, ‘पाणी कमी पी.’ हीच ती दुसरी समजूत, आणि ती पहिलीपेक्षा अधिक अपाय करणारी आहे.

सूज कशी येते ते समजून घेतले म्हणजे या सल्ल्यातील चूक आपोआप दिसेल. प्रौढ माणसाच्या वजनाचा सुमारे साठ टक्के भाग पाणी असतो. स्त्रियांत किंचित कमी. सत्तर किलोच्या पुरुषाच्या शरीरात म्हणजे बेचाळीस लिटरच्या आसपास. त्यातील दोनतृतीयांश पेशींच्या आत असते. उरलेल्यापैकी रक्तद्रवात तीन लिटर किंवा त्याहून थोडे अधिक, आणि बाकीचे पेशींच्या मधल्या फटींत. रक्ताच्या केशवाहिन्या आणि या फटी यांच्यात पाण्याची सतत देवघेव चालू असते. रक्ताचा दाब पाणी बाहेर ढकलतो, रक्तातील प्रथिने ते आत ओढून धरतात. अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९६ साली ही ओढाताण प्रथम स्पष्ट केली. आपण स्तब्ध उभे राहिलो तर पावलाच्या नीलेतील दाब पाऱ्याच्या ९० मिलिमीटरांच्या आसपास जातो. चालू लागलो की तो ३० च्या खाली येतो. हा चमत्कार पोटरीच्या स्नायूंचा. पाऊल टाकताना ते आवळतात, नीलेतील रक्त वर लोटतात, आणि नीलेतील झडपा ते खाली परतू देत नाहीत. पोटरीला शरीराचे दुसरे हृदय म्हणतात ते उगाच नव्हे.

विमानात हे दुसरे हृदय काम थांबविते. पाय लोंबते, गुडघे वाकलेले, खुर्चीची कड मांडीच्या मागून दाबते. नीलेतील दाब चढलेलाच राहतो, केशवाहिन्यांतून पाणी फटींत झिरपत राहते, आणि ते परत नेणाऱ्या लसीकावाहिन्यांनाही स्नायूंची हालचाल लागते, ती नसते. परिणामी घोटे फुगतात. लक्षात घ्या, हे पाणी नव्याने प्यालेले नव्हे. हे शरीराचेच पाणी. ते रक्तातून निघून पायांत जाऊन बसले आहे. म्हणजे घोट्यापाशी पूर आणि रक्तात ओहोटी, अशी विलक्षण अवस्था एकाच शरीरात एकाच वेळी असते. छातीतील मोठ्या वाहिन्यांकडे रक्त कमी येते, तेव्हा शरीराला वाटते पाणी कमी पडले. लगेच संप्रेरकांच्या द्वारे मूत्रपिंडांना आज्ञा जाते की, मीठ सोडू नका, पाणी सोडू नका. अशा वेळी खेळाडूने पाणी पिणेही बंद केले तर मूत्रपिंडे हात अधिकच आखडतात. सूज उतरत नाही ती नाहीच. वर रक्त मात्र घट्ट होते. पाणी तोडून सूज घालविणे म्हणजे शेतात साचलेले पाणी काढण्यासाठी विहीर बुजविण्यासारखे आहे.

सूज वाढविणारी दुसरी वस्तू म्हणजे मीठ. एक ग्रॅम जादा मीठ, मूत्रपिंडे ते बाहेर टाकीपर्यंत, सुमारे शंभर मिलिलिटर पाणी शरीरात धरून ठेवते. कोरड्या व विरळ हवेत जिभेला चव कमी लागते, त्यामुळे विमानातील जेवण बहुधा मिठाला सढळ असते. त्यात आपण मुलांच्या पिशवीत प्रेमाने काय भरतो? चिवडा, चकली, लोणचे, पापड, शेंगदाण्याची चटणी. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! हे पदार्थ देऊ नका असे मी सांगणार नाही. परदेशातील खोलीत आईच्या हातचा चिवडा हे अर्धे औषधच असते. फक्त तो मुक्कामी पोहोचल्यावर खावयाचा आहे, विमानात नव्हे, एवढी चिठ्ठी डब्यावर लावा. विमानासाठी दशमी, गुळाची पोळी, केळे, संत्रे उत्तम. आणखी एक बारकावा असा की, विमानातील दाब कमी असल्यामुळे पोटातील वायू सुमारे एकतृतीयांशाने फुगतो. उसळी आणि फसफसणारी पेये यांनी पोट तडतडते, आणि तेही पुष्कळांना पाणी साचल्यासारखे वाटते. ते पाणी नव्हे, वारा आहे. मुलींच्या बाबतीत मासिक पाळीच्या आधीच्या दिवसांत शरीर थोडे पाणी धरून ठेवते, हेही स्वाभाविक आहे. आईने मुलीला हे मोकळेपणाने सांगून ठेवावे.

वजनगटात खेळणाऱ्यांची मात्र येथे खरी परीक्षा असते. कुस्ती, मुष्टियुद्ध, भारोत्तोलन, ज्यूदो यांतील खेळाडू उतरल्यावर काट्यावर उभा राहतो आणि वजन किलोभर अधिक दिसले तर त्याच्या पोटात गोळा येतो. या वाढीत पायांतील व मिठाने धरलेले पाणी असते. शिवाय सराव बंद असताना स्नायूंत जी शर्करा साठते, तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठते. हे मेद नव्हे. हालचाल आणि झोप पूर्ववत झाली की एक-दोन दिवसांत यातील बरेचसे उतरते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट यांचे वजन अंतिम लढतीच्या सकाळी ५० किलोच्या मर्यादेहून १०० ग्रॅमने अधिक भरले आणि त्यांना स्पर्धेतून बाद व्हावे लागले, हे आपण सर्वांनी जड मनाने वाचले. तो प्रसंग विमानप्रवासाचा नव्हता. पण शंभर ग्रॅम म्हणजे काय, हे त्याने सर्व देशाला शिकविले. त्यातून घ्यावयाचा धडा असा की, वजनगटातील खेळाडूने स्पर्धेच्या तोंडावर पोहोचू नये. शरीराने आपले पाणी आपोआप जागेवर आणावे इतके दिवस हाताशी ठेवूनच तिकीट काढावे. तिकिटात वाचविलेले पैसे काट्यावर द्यावे लागतात.

आता मी ज्या गोष्टीसाठी विशेषेकरून उभा आहे तिच्याकडे येतो. घरात आजोबांना रक्तदाबासाठी किंवा पायांच्या सुजेसाठी लघवी वाढविणारी गोळी चालू असते. मुलाचे पाय सुजतात असे कळल्यावर, किंवा वजन उतरत नाही म्हणून, त्यातील एखादी गोळी कोणीतरी मायेने त्याच्या पिशवीत घालते. बंधुभगिनींनो, हे कदापि करू नका. मूत्रल औषधे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या निषिद्ध यादीत आहेत. आणि ती केवळ स्पर्धेच्या दिवशी नव्हे, तर बाराही महिने निषिद्ध आहेत. कारण ती वजन खोटे उतरवितात आणि इतर निषिद्ध द्रव्ये लघवीत पातळ करून लपवितात. २००३ साली दक्षिण आफ्रिकेतील विश्वचषकाच्या वेळी शेन वॉर्न या विख्यात फिरकी गोलंदाजाच्या तपासणीत असे औषध सापडले. स्पर्धा सुरू होते न होते तोच त्याला मायदेशी परतावे लागले आणि वर्षभर क्रिकेटला मुकावे लागले. ती गोळी आपल्याला आईने दिली होती, असे त्याने सांगितले. आईच्या हातून आली म्हणून नियमाने तिला वेगळे मानले नाही. आपल्या घरचे औषधाचे कपाट आणि मुलाची खेळाची पिशवी यांच्यामध्ये डॉक्टरांचा आणि संघाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा उंबरा असलाच पाहिजे. शिवाय हे औषध सुजेचे पाणी आधी काढीत नाही. ते आधी रक्तातले पाणी काढते. म्हणजे ज्याची ओहोटी लागली आहे त्यातूनच उपसा.

साध्या सुजेविषयी एवढे पुरे. परंतु क्वचित ती साधी नसते. १९४० साली लंडनवर बॉम्बवर्षाव होत असताना माणसे भुयारी आसऱ्यांत आरामखुर्च्यांवर रात्ररात्र बसत, आणि त्यांतील काही अकस्मात मरण पावत. कीथ सिम्प्सन या वैद्याने दाखवून दिले की, पाय लोंबते ठेवून तासन्‌तास बसल्याने पायाच्या खोल नीलेत रक्त गोठते आणि ती गुठळी सुटून फुप्फुसात जाते. तीच गोष्ट पुढे विमानप्रवाशांत आढळू लागली. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार चार तासांहून अधिक काळ बसून केलेल्या प्रवासानंतर हा धोका सुमारे दुप्पट होतो. तरीही तो निरोगी माणसांत सहा हजारांत एक इतकाच असतो. म्हणून भिण्याचे कारण नाही. ओळखण्याचे मात्र आहे. नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असणे, पाय प्लास्टरात असणे, गर्भनिरोधक गोळ्या चालू असणे, पूर्वी किंवा घराण्यात कोणाला गुठळी झालेली असणे, या गोष्टींनी धोका वाढतो. सेरेना विल्यम्स यांना २०११ साली पायाच्या शस्त्रक्रियांनंतर फुप्फुसात गुठळी झाली होती. वेळीच उपचार झाले आणि २०१२ साली त्या पुन्हा विम्बल्डनच्या विजेत्या झाल्या.

खेळाडूच्या बाबतीत खरी फसगत अशी होते की, पोटरी दुखू लागली की तो तिला स्नायूचा ताण समजतो, वर चोळतो, शेकतो आणि पुन्हा सरावाला लागतो. म्हणून हे भेद पाठ करून ठेवावेत. दोन्ही घोटे सारखे सुजले, दुखत नाहीत, रात्री आडवे झाल्यावर उतरले, तर ती साधी सूज. एकच पाय सुजला, पोटरी दुखते, तिला हात लावला तर ऊन लागते, त्वचा लालसर दिसते, तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि एकाएकी धाप लागली, छातीत दुखू लागले, खोकल्यातून रक्त आले, तर त्या क्षणी रुग्णालय. प्रवास संपल्यानंतर काही आठवड्यांपर्यंत हे उद्भवू शकते. म्हणून डॉक्टरांना ‘मी अमुक दिवशी लांबचा विमानप्रवास केला’ हे न विसरता सांगावे.

पाणी पिण्याचा उपदेश करताना दुसऱ्या टोकाविषयीही सावध केले पाहिजे. अति तेथे माती. २००२ सालच्या बॉस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्ताची तपासणी झाली. त्यांपैकी तेरा टक्क्यांच्या रक्तातील सोडियम प्रमाणाखाली गेलेले आढळले, आणि त्याचे एक मुख्य कारण त्यांनी वाजवीपेक्षा अधिक पाणी प्यावे हे होते. सोडियम फार उतरले तर मेंदूला सूज येते आणि प्राणावर बेतते. त्यामुळे विमानातून उतरल्याबरोबर तीन-चार लिटर पाणी ढोसून तूट भरून काढू, हा ‘पी हळद आणि हो गोरी’ असा प्रकार करू नये. पाणी थोडे थोडे, आणि अन्नाबरोबर घ्यावे.

जुलाब होत असतील किंवा उतरताच कडक उन्हात खेळावयाचे असेल, तर मीठसाखरेचे पाणी श्रेष्ठ. १९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच पाण्याने असंख्य पटकीच्या रोग्यांचे प्राण वाचविले. आतड्यात साखर आणि सोडियम हातात हात घालून शोषले जातात आणि पाणी त्यांच्यामागून येते, हे त्यातील तत्त्व. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार केलेल्या पुडीत एका लिटरसाठी २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते, बाकी पोटॅशियम आणि सायट्रेट. पुडीवर एक लिटर लिहिले असेल तर एकच लिटर. अर्ध्या पाण्यात घट्ट करून घेऊ नये. निरोगी खेळाडूला नुसत्या विमानप्रवासासाठी याची गरज नाही. त्याला साधे पाणी आणि साधे जेवण पुरे.

आता सारे एकत्र करून सांगतो. निघण्याच्या आदल्या दिवशी तहान भागेल इतके पाणी प्यावे. लघवीचा रंग फिका पिवळा असावा, ही घरगुती कसोटी. जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील तर मात्र रंग गडद येतो, तेव्हा तिच्यावर विसंबू नये. रिकामी बाटली बरोबर न्यावी आणि तपासणी ओलांडताच भरून घ्यावी. शक्यतो वाटेच्या कडेचे आसन मागावे, म्हणजे उठण्याचा संकोच उरत नाही. जागे असताना तासाला एक लहान पेला, म्हणजे दीडशे ते दोनशे मिलिलिटर पाणी घ्यावे. झोपेतून मुद्दाम उठून पिण्याचे कारण नाही. रोजच्या सवयीचा एखादा चहा किंवा कॉफी चालेल, तिने कोणी सुकत नाही. मद्य मात्र नको, ते मूत्रपिंडांचा आवरता हात सैल करते आणि झोपही बिघडविते. झोपेची गोळी घेऊन आठ तास एकाच स्थितीत पडून राहणेही टाळावे. पायाखाली पिशवी कोंबू नये. दर तासाला टाच टेकवून चवडा वर, चवडा टेकवून टाच वर, असे पंचवीस-तीस वेळा करावे, आणि एक-दोन तासांनी वाटेवरून एक फेरी मारावी. घोट्यापाशी पाऱ्याच्या १५ ते ३० मिलिमीटरांचा दाब देणारे, मापाचे घट्ट मोजे सूज कमी करतात, हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. परंतु पायांतील रक्ताभिसरण मंद असणाऱ्यांनी किंवा मधुमेहींनी ते विचारूनच वापरावेत. बूट सैल असावेत. उतरल्यावर थोडे चालावे, मग अर्धा तास पाय उशीवर ठेवून पडावे. पहिल्या दिवशी जोराचा सराव नको.

आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी, जी मंडळी नातवंडांसाठी परदेशी जातात त्यांनी, पाय हलविण्याचा भाग जसाच्या तसा उचलावा; पाण्याचा मात्र उचलू नये. हृदय किंवा मूत्रपिंडे दुबळी असतील, लघवीच्या गोळ्या चालू असतील, तर पाणी किती प्यावे आणि गोळी कधी घ्यावी, हे ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांनाच विचारावे. तरुण धावपटूचा नियम सत्तरीच्या माणसाला लावणे योग्य नव्हे, आणि उलटही नव्हे.

२०२८ चे ऑलिंपिक लॉस एंजेलिस येथे व्हावयाचे आहे, आणि क्रिकेटही त्यात आहे. तेथवर आपल्या मंडळातील एखादे मूल पोहोचेल की नाही, हे त्याच्या मेहनतीवर अवलंबून. पण जिल्ह्याबाहेरची, राज्याबाहेरची, देशाबाहेरची पहिली स्पर्धा खेळावयास निघालेले मूल आपल्या दारातून जाईल, तेव्हा त्याच्या हातावर दही ठेवताना आईने दोन वाक्ये अधिक बोलावीत. ‘पाणी पीत राहा, पाय हलवीत राहा; आणि कोणी दिलेली गोळी, मी दिलेली असली तरी, विचारल्यावाचून घेऊ नकोस.’ फिरकीच्या तांब्याच्या काळातील आजीने आजच्या प्रवासासाठी याहून वेगळे काही सांगितले असते असे मला वाटत नाही.